अडलेलं अक्षर

बोईसर स्टेशनच्या खिडकीवर सर नेहमी सफाळ्याचं तिकीट मागत आणि पालघरला उतरत. त्यांचं काम पालघरलाच असे, कधी कचेरीत, कधी पुस्तकांच्या दुकानात. सफाळ्यात त्यांचं कुणी नव्हतं. एकदा आम्ही दोघं एकाच डब्यात होतो तेव्हा मी न राहवून विचारलं. त्यांनी उत्तर दिलं, आणि ते द्यायला उमरोळी मागे पडल्यापासून पालघरचा फलाट दिसेपर्यंतचा वेळ लागला. त्यांच्या तोंडून 'प' निघत नसे. मागे रांग उभी असली की मुळीच नाही. 'स' निघे. म्हणून सफाळे.

स्टेशनसमोरच्या हॉटेलात ते कॉफी घेत. त्या हॉटेलात दुसरं कुणी कॉफी घेत नसे, आणि सरांनाही ती आवडत नसे. पण 'चहा'तला 'च' अडायचा. शाळेत आम्हा सगळ्या शिक्षकांना ठाम माहीत होतं की सर कॉफीचे शौकीन आहेत. एका दिवाळीला आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना कॉफीचा डबा भेट दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि मान हलवली.

मी या भागात आले ती भावामुळे. साठ सालानंतरची गोष्ट. किनाऱ्याकडे वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं, भाऊ तिथे फिटर म्हणून लागला आणि मला बोईसरच्या शाळेत जागा मिळाली. आम्ही साताऱ्याकडची माणसं. इथला खारा, चिकट वारा, किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या बायकांच्या टोपल्यांमागून येणारा सुक्या बोंबलांचा वास, रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकवरच्या कामगारांची हिंदी, या सगळ्याची सवय व्हायला मला वर्ष लागलं. सरांची सवय मात्र पहिल्याच आठवड्यात झाली, असं मला वाटलं. बोलताना अडखळणारा माणूस. बिचारा. स्वभावानं गरीब, कॉफीचा शौकीन. माझ्या लेखी माणूस पूर्ण झाला.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण कोणतं लिहावं हाच प्रश्न आहे. कागदपत्रांवर आडनाव होतं आणि पुढे नुसता 'व.' होता. रुजू झाले त्या दिवशी कारकुनानं विचारलं, व म्हणजे काय. सरांचा खालचा ओठ दातांखाली अडकून बसला. कारकून म्हणाला, वसंत का? सरांनी मान हलवली. तेव्हापासून ते वसंत झाले. खरं नाव वेगळं होतं.

या मान हलवण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. समोरच्यानं शब्द पुरवला की तो बरोबर असो वा चूक, सर मान हलवत. चूक म्हणायचं तर पुन्हा तोच शब्द, पुन्हा तेच तोंडाकडे बघणारे डोळे. त्यांचं गाव कोणतं, घरी कोण कोण, लग्न का केलं नाही, हे सगळं आम्हाला ठाऊक होतं आणि त्यातलं बरंचसं आम्हीच त्यांना सांगितलेलं होतं. गाडीतल्या त्या दिवशी त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. 'तुम्ही शब्द देऊ नका. थांबा.' हे मात्र ते एका दमात म्हणाले. मी कबूल केलं.

औषध प्रत्येकाकडे होतं. कुणी जिभेखालचा दोरा कापायला सांगे, कुणी तोंडात गोटे धरून बोलायला. दांडीची एक म्हातारी कोळीण त्यांना पाहिलं की गळ्यावरून हात फिरवी आणि म्हणे, कोणीतरी आतून धरलाय. तिच्या मते सरांच्या आत एक होता आणि तो सरांना बोलू देत नव्हता. आम्ही शिकलेली माणसं हसलो. पण आमचं म्हणणं तरी काय वेगळं होतं? आम्ही म्हणायचो, आत कुणीच नाही.

सर मराठी घेऊन बी. ए. झालेले. आधीचे हेडमास्तर, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, त्यांनी त्यांना आठवीचं मराठी दिलं होतं. सर बोलायला लागले की मोठे सर मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर उपडं ठेवत, म्हणजे घाई नाही. मी येण्यापूर्वी काही महिने मोठे सर वारले. नवे हेडमास्तर दयाळू होते. बोलण्याचा त्रास नको म्हणून त्यांनी सरांकडून मराठी काढून घेतलं, चित्रकला आणि हस्तव्यवसाय दिला. आठवीचं मराठी माझ्याकडे आलं.

एका शनिवारी शाळा सकाळची होती. मुलं गेली, मास्तर मंडळी गेली, मी प्रगतिपुस्तकं लिहीत मागे राहिले होते. आठवीच्या वर्गातून आवाज येऊ लागला. म्हातारा, खर्जातला, ठाम आवाज. वाक्य संपलं की थोडंसं खोकायचा. 'बसा. घाई कसली आहे. कर्ता वाक्यात दिसला नाही म्हणजे तो नाही असं समजू नका. तो असतो. शोधा.' आमच्या शाळेत असा आवाज कुणाचा नव्हता.

मी व्हरांड्यात आले. शाळेचा शिपाई, दांडीचाच, साठीला आलेला, वर्गाच्या दाराबाहेर उभा होता. चपला काढलेल्या, हात जोडलेले.

'मोटे सर हायेत आत,' तो हळू म्हणाला. 'मी आवाज वळकतो, बाई. एवडी वरसं ऐकलाय.'

दुपारचं ऊन कौलांवर तडतडत होतं. मी आत पाहिलं. सर दाराकडे पाठ करून फळ्यासमोर उभे होते. बाकं रिकामी. उजव्या हातानं ते डाव्या मनगटावर काहीतरी सैल करत होते. घड्याळाचा पट्टा असावा तसं. त्या मनगटावर काही नव्हतं. शिपाई माझ्या मागे पुटपुटला की मोठ्या सरांची हीच सवय होती. मग सर वळले. चेहरा त्यांचाच, पण इतका स्थिर की त्यामागे कुणी राहत नसावं. डोळे मिटत नव्हते. मी दिसले आणि तो चेहरा एकदम गडबडला, माणसाचा झाला. 'बा... बा...' ते म्हणाले.

'बाई, या, असं ना?' मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मी आत जाऊन बसले. आज वाटतं, तो शब्द 'बाहेर' असावा.

दुसऱ्याच्या आवाजात त्यांची जीभ अडत नसे. लहानपणापासून असंच होतं, हे त्यांनी मला पुढे कितीतरी मधल्या सुट्ट्यांत मिळून सांगितलं. मात्र ज्याला नीट ऐकलं आहे त्याचाच आवाज येई. ते नक्कल करत नव्हते, निदान कुणाला हसवायला तर नाहीच. त्यांना पूर्ण वाक्य बोलायचं असे आणि ते फक्त असंच बोलता येई.

मी हे समजून घेतलं होतं, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण एका सकाळी सर माझ्याकडे आले आणि 'आठवीचा... आठवीचा...' एवढ्यावर अडले. घंटा होत होती. मी म्हटलं, फळा रंगवायचाय का? त्यांनी मान हलवली, आणि दिवसभर खपून आठवीचा फळा काळा करून दिला. संध्याकाळी हस्तव्यवसायाच्या खोलीवरून जाताना मी स्वतःला ऐकलं. गळा पुरुषाचा होता, पण हेल माझा, साताऱ्याचा. शब्द ओढायची माझी पद्धत, मध्येच 'म्हणजे कसं' म्हणायची माझी खोड. मी आत म्हणत होते, 'सर, आठवीचा तास तुम्ही घ्या. म्हणजे कसं, मी मागे बसते. हेडमास्तरांना मी सांगते.'

मी हे कधीच बोलले नव्हते. माझ्या मनातही नव्हतं. मी तिथून जवळजवळ पळत घरी गेले. भावानं विचारलं, काय झालं? मला बोलावंसं वाटेना. तोंड उघडलं तर कुणाचा आवाज येईल याची धास्ती होती. त्या माणसाला काय हवं होतं, हे मात्र मी नीट ऐकलं होतं. तरी तास माझ्याकडेच राहिला.

शिपायानं गावभर सांगितलं. शाळेत तो मोठ्या सरांची खुर्ची पुसू लागला, तिच्यापाशी पाण्याचा तांब्या ठेवू लागला. सर वर्गात आले की मुलं उभी राहत नसत, पण बंद दारामागून तो खर्जातला आवाज आला की व्हरांड्यातली मुलं जागच्या जागी ताठ होत. मग बाहेरची माणसं यायला लागली. मासवणहून एक म्हातारा आला, त्याला मेलेल्या भावाशी बोलायचं होतं. दांडीची एक बाई आली. तिचा नवरा होडी घेऊन गेला तो परतला नव्हता. सरांनी त्या माणसाला कधी पाहिलंही नव्हतं. त्यांनी नाही अशी मान हलवली. ती भाताच्या गिरणीमागच्या त्यांच्या खोलीच्या पायरीवर दिवसभर बसून राहिली. 'तुमच्यात जागा हाय, सर,' ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. 'त्याला येऊ द्या.' ती चिडली नव्हती, रडतही नव्हती. रिकामी खोली असलेल्या घरमालकाला विनवावं तशी विनवत होती.

मोठ्या सरांची मुलगी सुधा आमच्या शाळेचं ग्रंथालय सांभाळायची. बावीस-तेवीसची, शांत. वीजकेंद्राच्या कामावर नागपूरकडचा एक इलेक्ट्रिशियन होता, त्याच्याशी तिला लग्न करायचं होतं. जात वेगळी. मोठे सर जिवंत असताना हा विषय एकदा निघाला होता. ते काही न बोलता चिकूच्या वाडीत निघून गेले, आणि महिनाभरात वारले. तो न बोललेला शब्द त्या घरात तसाच राहिला. तिच्या आईला, ज्यांना आम्ही काकू म्हणत असू, मुलगा पसंत होता, पण नवऱ्याच्या शब्दाशिवाय त्या हो म्हणायला तयार नव्हत्या. पालघरला राहणारे सुधाचे काका म्हणत, दादा कधीच हो म्हणाले नसते.

मोठ्या सरांच्या दुसऱ्या वर्षीच्या श्राद्धाला सरांना तारापूरच्या घरी बोलावणं आलं. आधी काकू त्यांच्या खोलीवर जाऊन रडून आल्या. नंतर काका गेले, आणि दादांनी काय म्हणायला हवं ते वाक्य त्यांनी सरांना दोनदा म्हणून दाखवलं. सरांनी दोघांपुढेही मान हलवली. दोघं निश्चिंत झाले.

जेवणं झाल्यावर ओटीवर वीसेक माणसं बसली, त्यांत शाळेचा शिपाई होता, मीही होते. चिकूच्या वाडीतून गरम वारा येत होता. मोठ्या सरांची आरामखुर्ची भिंतीशी तशीच ठेवलेली होती, तिच्यात कुणी बसलं नव्हतं. काका म्हणाले, 'दादांना काय वाटतं ते एकदा कळू दे.' सगळे सरांकडे वळले. सर उठून उभे राहिले.

त्यांनी ओठ मिटले आणि ते उघडेनात. 'म...' एवढाच घुमा आवाज येत राहिला, बंद पेटीतून यावा तसा. मानेच्या शिरा फुगल्या. ते स्वतःच्या आवाजात बोलायचा प्रयत्न करत आहेत हे मला कळलं. कुणीतरी म्हणालं, मोठे सर? सरांनी मानेनं नाही म्हटलं. हे मी पहिल्यांदा पाहत होते. सर शब्द नाकारत होते. काकू हळूच म्हणाल्या, मान्य? सरांनी पुन्हा नाही म्हटलं. 'म... म...' लोक खाली बघायला लागले. काका म्हणाले, 'सर, दादांच्याच आवाजात सांगा, लवकर होईल.' सरांनी डोळे मिटून घेतले आणि पुन्हा सुरुवात केली.

मी कबूल केलं होतं की थांबेन. त्या ओटीवर ते वचन माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, म्हणून सरांनी डोळे उघडले तेव्हा माझ्याकडेच पाहिलं. आणि मी म्हटलं, 'मनाई, असं म्हणायचंय का, सर?'

मला त्यांची कीव आली म्हणून मी बोलले, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगितलं. खरं तर ती शांतता मला सोसवली नाही. सरांच्या खांद्यांतलं बळ गेलेलं मला दिसलं. त्यांनी मान हलवली.

काकांनी सुस्कारा सोडला. सुधा उठली आणि आत जायला निघाली.

'सुधा, बस.'

ती दारात थिजली. आवाज खर्जातला होता. सरांची मान उंच झाली होती, उजवा हात डाव्या मनगटावर होता. ते कुणाकडेच बघत नव्हते. 'घाई कसली आहे,' तो आवाज म्हणाला. 'मुलगा चांगला आहे. तू लग्न कर.' मग थोडा खोकला आला.

काकूंनी जमिनीवर डोकं टेकलं. काकांनी टोपी काढून हात जोडले. शिपाई कोपऱ्यात उभा होता, तो रडायला लागला. आवाज थांबल्यावर सर भिंतीला टेकले. घामानं सदरा अंगाला चिकटला होता, श्वास लागला होता. काकू लगबगीनं आत गेल्या, पाण्याचा पेला भरून आणला आणि त्या रिकाम्या आरामखुर्चीपुढे ठेवून पुन्हा नमस्कार केला. सगळे खुर्चीकडे बघत होते. सर पायऱ्या उतरून गेले ते माझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही.

लग्न ठरलं. सरांच्या पायरीवर आता रोज माणसं बसू लागली, नारळ आणि अगरबत्त्या घेऊन. पंधरा दिवसांत सरांनी राजीनामा दिला.

ते जाण्याच्या आदल्या दुपारी मी त्यांच्या खोलीवर गेले, सुधानं पाठवलं म्हणून. तिला एकच विचारायचं होतं. बाबा हे सरांजवळ खरंच बोलले होते का, आणि कधी? मी विचारलं. सरांनी ट्रंकेला लावलेला दोर खाली ठेवला आणि समोर बसले. ओठ मिटले. 'म...'

मला वाटलं, मोठे सर म्हणाले, असंच येणार. शब्द माझ्या जिभेवर होता. मी तो गिळला. शेजारची गिरणी धडधडत होती. ती थांबली, कुणीतरी पोतं ओढलं, पुन्हा सुरू झाली. सरांच्या कपाळावरून घाम उतरत होता. मी त्यांच्या तोंडाकडे न बघता डोळ्यांकडे बघत बसले, आणि त्या डोळ्यांत मला पहिल्यांदा राग दिसला. इतकी वर्षं तो तिथेच असणार.

'मला,' सर म्हणाले.

मला कळलं नाही.

'मला वाटत होतं,' ते म्हणाले. प्रत्येक शब्दाला वेळ लागत होता, पण आता एकेक सुटत होता. मोठे सर त्यांच्याजवळ सुधाविषयी कधीच काही बोलले नव्हते. ओटीवर त्यांना एवढंच सांगायचं होतं. मला वाटतं, तिनं हे लग्न करावं. तो मुलगा ग्रंथालयात येई तेव्हा त्यांनी त्याला पाहिलं होतं, त्याच्याशी बोलले होते. तो थांबून ऐकतो, ते म्हणाले. मोठ्या सरांनंतर तोच.

वीस माणसं होती त्या ओटीवर. मोठे सर, मान्य, मनाई, काय काय सुचलं होतं. 'मला' कुणाला सुचलं नव्हतं.

'तिला सांगा,' सर म्हणाले. 'ते माझं होतं.'

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते गेले, कुठल्या गावी ते मला माहीत नाही. कुणीतरी शहापूर म्हणालं होतं आणि म्हणे त्यांनी मान हलवली होती.

लग्न होऊन सुधा नागपूरला निघाली तेव्हा मी स्टेशनवर गेले होते. गाडी यायला अवकाश होता. तिनं मला बाजूला घेतलं, माझा हात धरला आणि विचारलं, 'बाबाच बोलले ना, बाई?' तिच्या तळहातांवर मेंदी होती. वडील गेल्यापासून ती रात्री झोपत नव्हती, हे मला तिच्या आईनं सांगितलेलं. बाप रागावून गेला, एवढंच तिच्याजवळ त्याचं उरलं होतं.

मी म्हटलं, 'हो. बाबाच.'

ती रडली आणि हसली. तिचा नवरा सामानापाशी उभा होता, आमचं बोलणं संपायची वाट बघत. आता ती नातवंडांची आजी आहे. माझ्याकडे येते तेव्हा मोठे सर तिच्या लग्नासाठी एकदा परत आले होते ही गोष्ट मुलांना सांगते, आणि खरं ना बाई, म्हणून माझ्याकडे बघते. मी मान हलवते.